मालवण: खडकांनी राखलेला किनारा

महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत: ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, बोरिवलीचं संजय गांधी आणि चांदोली. सिंधुदुर्गाच्या वाट्याला त्यांतलं एकही आलेलं नाही. पण मालवणच्या धक्क्यावर उभं राहून समोर पाहिलं की जे हिरवट निळं पाणी दिसतं, तेच इथलं अभयारण्य. १३ एप्रिल १९८७ रोजी शासनाने इथला २९.१२ चौरस किलोमीटरचा टापू सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केला. त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा भाग गाभ्याचा. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि त्यांच्या आसपास पाण्यात बुडालेले खडक या गाभ्यात येतात. ताडोबाला जसं फाटक लागतं तसं इथे काही लागत नाही. त्यामुळे दरवर्षी मे महिन्यात लोटणाऱ्या पर्यटकांपैकी बहुतेकांना आपण अभयारण्यात बसून भेळ खातोय याचा पत्ताही नसतो.

आम्ही दोन कुटुंबं मुलाबाळांसकट देवगडकडून कुणकेश्वर, मिठबाव अशी किनाऱ्याच्या रस्त्याने खाली उतरलो. एका बाजूला आंब्याच्या बागा, चिऱ्यांचे तांबडे गडगे, मध्येच काजूच्या बोंडांचा आंबूस वास. एप्रिल संपत आला होता. कातळसड्यांवरचं गवत जळून गेलेलं होतं आणि करवंदीच्या जाळ्या मात्र काळ्याभोर फळांनी लगडलेल्या होत्या. गाडी थांबवून ओंजळभर करवंदं खायची, हात चिकट करून घ्यायचे आणि पुढे निघायचं, या भागातली सहल अशीच सुरू होते.

पहिला मोठा थांबा आचरा. इथल्या रामेश्वराच्या देवळात सभामंडपाच्या गारव्यात बसलो असताना एका आजोबांकडून गावपळणीची हकीकत ऐकली आणि सहलीबद्दलची माझी कल्पनाच विस्तारली. तीन-चार वर्षांनी एकदा रामेश्वराचा कौल घेतला जातो आणि कौल मिळाला की अख्खं गाव घरं बंद करून वेशीबाहेर जातं. तीन दिवस, तीन रात्री. गुरं, कोंबड्या, कुत्री सगळी बरोबर. सगळ्या जातिधर्मांची माणसं जातात. वेशीपलीकडे माळावर, खाडीकाठी झावळ्यांच्या राहुट्या उभ्या राहतात, तिथेच चुली पेटतात, रात्री भजनं होतात, फुगड्या रंगतात, पोरं चांदण्यात खेळतात. परत यायचं तेही कौल घेऊनच. ही पळण बहुधा मार्गशीर्षाच्या सुमाराला असते, म्हणजे थंडीत. शेजारच्या चिंदर गावातही ती प्रथा आहे. देवाच्या गणांना गाव मोकळं करून द्यायचं, अशी श्रद्धा तिच्यामागे सांगतात. एवढ्या मोठ्या वस्तीने ठरवून आपलं गाव काही काळ रिकामं सोडायचं, धूर नाही, दिवा नाही, माणसाचा आवाज नाही, ही गोष्ट मला विलक्षण वाटली. "घराची याद येता, पण भायर मजा पण येता," आजोबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक लहानपणची एखादी पळण उभी असावी.

आचऱ्याच्या दक्षिणेला तोंडवळी आणि तळाशील. एकीकडे समुद्र, दुसरीकडे गड नदीची खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, तिच्यावर सुरूची झाडं आणि मच्छीमारांची घरं. तळाशीलला तर ही पट्टी इतकी अरुंद होत जाते की एका घराच्या पुढच्या दारी लाटा आणि मागच्या दारी होडी. पावसाळ्यात समुद्र इथली जमीन खातो, म्हणून काठाने दगडांचे बांध घातलेले आहेत. या टापूत 'सी-वर्ल्ड' नावाचा मोठा प्रकल्प आणायचं घाटत होतं. जमिनी जातील म्हणून गावकऱ्यांनी त्याला विरोध केला. सुरूच्या सावलीत चटई पसरून बसल्यावर त्या विरोधाचं कारण निराळं समजावून सांगावं लागत नाही.

याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. हिवाळ्यात घातलेली अंडी साधारण पन्नासेक दिवसांनी फुटतात, आणि उशिरा घातलेल्या अंड्यांतून एप्रिल-मेपर्यंत पिल्लं बाहेर पडत राहतात. वन खात्याच्या साथीने गावातलेच लोक घरटी जाळीच्या कुंपणात हलवून राखतात. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उबेवर ठरतं: वाळू तापलेली असेल तर माद्या जास्त. उन्हाळे तापत चाललेल्या काळात ही साधी दिसणारी बाब काळजीची आहे. रात्री किनाऱ्यावर शेकोटी आणि मोठे दिवे लावून बसण्याची हौस इथे आवरावी, कारण पिल्लं समुद्राची दिशा पाण्यावरच्या उजेडावरून ओळखतात आणि आपल्या दिव्यांमागे भरकटतात.

मालवणात शिरल्यावर सगळे थेट किल्ल्याच्या होडीकडे धावतात. आम्ही आधी मोरयाच्या धोंड्याकडे गेलो. किनाऱ्यावरचा हा एक खडक, त्यावर गणपती, चंद्र, सूर्य, शिवलिंग कोरलेलं. शिवाजी महाराजांनी इथे पूजा करून २५ नोव्हेंबर १६६४ रोजी समोरच्या कुरटे बेटावर किल्ल्याची पायाभरणी केली. बांधकामाची जबाबदारी हिरोजी इंदुलकरांवर होती आणि काम सुमारे तीन वर्षं चाललं. धोंड्यापाशी सुकतीच्या वेळी उभं राहिलं की महाराजांनी हीच जागा का निवडली ते डोळ्यांना दिसतं. पाणी ओसरतं तसे किल्ल्याभोवती काळे खडक डोकं काढू लागतात. कुठे पाण्याच्या पातळीला, कुठे वीतभर खाली. आजही प्रवाशांची होडी किल्ल्याकडे सरळ जात नाही. नावाडी ठरलेल्या वाटेने वळणं घेत नेतो. परक्या गलबताला ही वाट ठाऊक असणं शक्यच नव्हतं. तटाची लांबी जवळजवळ तीन किलोमीटर, पण खरा पहिला तट पाण्याखालचा आहे. पुढच्या सगळ्या प्रवासात हे खडक मला पुन्हा पुन्हा भेटत राहिले.

किल्ल्याचा दरवाजा दोन बुरुजांच्या वळणात असा लपवला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. आत सुमारे ४८ एकरांचं बेट. चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे छोट्या घुमट्यांखाली जपलेले आहेत. छत्रपती राजारामांनी १६९५ साली बांधवलेलं शिवराजेश्वराचं मंदिर हे मात्र सगळ्यांत आधी पाहावं. इथल्या मूर्तीला दाढी नाही आणि डोक्यावर नावाड्यासारखी टोपी आहे. दर्याच्या माणसांनी आपला राजा आपल्या वेशात पाहिला, याचं मला फार अप्रूप वाटलं. १७६५ साली इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याचं 'फोर्ट ऑगस्टस' असं नाव ठेवलं, पण पुढच्याच वर्षी करवीरकरांशी तह करून तो परत दिला. ते नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत सिंधुदुर्ग आहे.

भर दुपारी दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या तीन विहिरी शोधत हिंडलो. चहूकडे खारं पाणी आणि बेटाच्या पोटात गोडं. बेटांवरच्या अशा विहिरींमागे पावसाची करामत असते. मुरलेलं गोडं पाणी खाऱ्याहून हलकं असल्यामुळे त्याच्यावर थर धरून राहतं, आणि उपसा बेताचा असला तर उन्हाळाभर टिकतं. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात आणि त्यांच्या अंगणात ताक-सरबत मिळतं. इथे तटाच्या सावलीत बसून डबे सोडले. वारा एवढा की पोळ्या धरून ठेवाव्या लागत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खडकांवर, पण पाण्यातून. डोळ्यांवर काच, तोंडात नळी, अंगात जीवरक्षक जाकीट घालून पालथं पडून राहायचं, एवढंच काम. खाली प्रवाळ. अंदमान-लक्षद्वीपच्या चित्रांत दिसतात तशी फांद्याफांद्यांची रंगीत झाडं इथे शोधू नयेत. मालवणचा प्रवाळ गोल धोंड्यांसारखा किंवा थाळ्यांसारखा, पिवळट, तपकिरी, हिरवट. पावसाळ्यात नद्या गाळ आणून ओततात, पाणी गढूळ होतं, खारटपणा कमी होतो, आणि ते सगळं सोसून टिकणाऱ्या दणकट जातीच इथे राहिल्या आहेत. पोरायटिससारखा धोंडाप्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतो. म्हणजे हाताच्या कवेत मावणार नाही असा जो गोळा आमच्याखाली दिसत होता, तो आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या माणसापेक्षाही वयाने मोठा असू शकतो. त्याच्या कपारींतून पट्ट्यापट्ट्यांचे मासे निवांत ये-जा करत होते. माझ्या शेजारी तरंगणारी आठ वर्षांची मुलगी नळीतूनच किंचाळली, त्याचा आवाज मला पाण्यात ऐकू आला.

आम्हाला घेऊन गेलेला तरुण मच्छीमाराच्या घरातला. पंधरा-वीस वर्षांपूर्वी या गावात पाण्याखाली पर्यटक नेणं हा धंदा जवळपास नव्हताच. आता तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे आणि वडिलांच्या होडीवर मुलं पाणबुड्यांची नळकांडी वाहतात. हा बदल चांगला आहे, कारण मुंबईला न जाता पोरांना गावात काम मिळालं. पण प्रवाळावर त्याचा ताण पडतो आहे. होडी उभी करायला टाकलेला नांगर एका झटक्यात पन्नास वर्षांचा गोळा फोडू शकतो. दमलेला पर्यटक उभा राहायला जागा शोधतो आणि नेमका जिवंत प्रवाळावर पाय ठेवतो. फोटोत मासे यावेत म्हणून पाण्यात पाव-बिस्किटं टाकली जातात. जिवंत प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं सर्वांत कडक संरक्षण २००१ सालापासून आहे, म्हणजे त्याचा तुकडा घरी नेणं हा वाघाची नखं नेण्याइतकाच गुन्हा. नांगराऐवजी कायम तरंगते बोये बांधून होड्या त्यांना अडकवणं हा सोपा उपाय आहे आणि तो प्रत्येक जागी व्हायला हवा. आमचा वाटाड्या नांगर वाळूवर टाकून आम्हाला पोहत खडकाकडे नेत होता. अशाच माणसाची होडी निवडावी.

मग या पाण्यात अभयारण्य म्हटल्यावर मच्छीमारांच्या कपाळावर आठ्या का येतात? त्याचं उत्तर दांडीच्या किनाऱ्यावर मिळालं. तिथे पहाटे रापण लागली होती. होडीतून लांबलचक जाळं अर्धवर्तुळात सोडतात आणि त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावरून दोन फळ्या ओढत आणतात. जाळं एकाच्या मालकीचं नसतं, मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात, आणि दोराला हात लावणाऱ्या पाहुण्यालाही चार बांगडे मिळतात. आम्हालाही मिळाले. १९८७ सालापासून या लोकांना धास्ती आहे की नियमांचा बडगा आपल्या रापणीवर आणि छोट्या होड्यांवर पडेल, आणि खोल समुद्रात राक्षसी पर्ससीन जाळ्यांनी थवेच्या थवे उचलणारे सुटतील. पर्ससीनवर राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध घातले, त्यामागे याच किनाऱ्यावरच्या पारंपरिक मच्छीमारांची झुंज होती. मी एका वयस्क रापणकाराला विचारलं, किल्ल्याजवळ जाळं टाकता का? ते म्हणाले, "थयसर खडप आसा. जाळा फाटता. आमी थय कधी ओढणव नाय." शत्रूचं गलबत फोडणारा खडक जाळंही फाडतो, म्हणून त्या कपारींत मासे निर्धास्त अंडी घालतात आणि पुढे तेच वाळूकडे येऊन रापणीत सापडतात. हे गणित रापणकाराला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. अभयारण्याची आखणी त्याच्या शेजारी बसून झाली असती तर विरोधाची धार नक्कीच कमी झाली असती, असं माझं मत झालं.

दांडीवरून ओहोटीला पद्मगडाकडे चालत जाता येतं. पाण्यातून उघडी पडलेली वाळूची वाट आणि टोकाला हे लहानसं बेट. इथे गलबतांची बांधणी, डागडुजी होत असे असं सांगतात. भरतीची वेळ गावात विचारूनच निघावं, कारण परतताना वाट पाण्याखाली गेलेली असू शकते.

उन्हाचा कडाका वाढला की किनारा सोडून आत यावं. मालवण-कुडाळ रस्त्याने धामापूरला आलो आणि तापमान उतरल्यासारखं वाटलं. दोन डोंगरांच्या मधला ओढा मातीच्या बांधाने अडवून हा तलाव १५३० साली बांधला गेला. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांचं नाव त्याच्या बांधणीशी जोडलं जातं. काठाला भगवतीचं देऊळ, पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या, आणि भोवती दाट झाडी. धामापूर आणि काळसे या गावांची शेती, माड-पोफळी या पाण्यावर जगत आल्या आहेत. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन आणि जलनिस्सारण आयोगाने याला वारसा सिंचन स्थळ म्हणून मान दिला. जुनी गोष्ट अशी की, लग्नकार्यासाठी परडीभर फुलं तलावात सोडून मागणं मागितलं की परडीतून सोन्याचे दागिने वर येत. कार्य झालं की परत करायचे. कुणीतरी ते परत केले नाहीत आणि देणं थांबलं. पायऱ्यांवर बसून ही गोष्ट मुलांना सांगितली तेव्हा धाकट्याने विचारलं, "मग त्यांनी ते आता परत केले तर?"

धामापुराजवळच्या एका घरी दुपारी पेज, भाजलेलं सुकट, खोबऱ्याची चटणी आणि सोलकढी मिळाली. अंगणात रातांबे फोडायचं काम चाललं होतं. सालं वाळत घालायची, बियांभोवतीच्या रसात पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. अशी पुटं चढत गेली की आमसुलं काळीभोर होतात. आगोळ वेगळं काढून मीठ घालून बाटल्यांत भरलेलं. पावसापूर्वी हे सगळं आटपायला हवं म्हणून घरातलं कुणीही मोकळं नव्हतं. काजू, आंबा, कोकम, सुकी मासळी असं वर्षभराचं उत्पन्न या दोन महिन्यांत उन्हात पडलेलं असतं. आपली सुट्टी आणि त्यांचा हंगाम एकाच वेळी येतो, हे पाहुण्याने ध्यानात ठेवलेलं बरं.

तिथून देवबाग. कर्ली नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. संगमावर ओहोटीला वाळूचं बेट उघडं पडतं. २००४ च्या त्सुनामीनंतर ते वर आलं असं लोक सांगतात आणि नावही तेच पडलंय. मेमध्ये तिथे जलक्रीडांच्या यंत्रांचा असा गलका असतो की आम्ही लांबूनच होडी वळवली आणि खाडीत वर गेलो. तिथे माडांच्या रांगा पाण्यावर वाकलेल्या, खंड्या दोरीवर बसलेला, घाटावर कपडे धुणाऱ्या बाया. मला विचाराल तर देवबागचं सौंदर्य या आतल्या पाण्यात आहे.

कर्लीपलीकडे भोगवे आणि निवती. निवतीच्या टेकडीवरून समुद्रात वेंगुर्ला रॉक्सची बेटं आणि त्यांवरचं दीपगृह दिसतं. तिथल्या गुहांमध्ये पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. हे पक्षी आपल्या लाळेने घरटी बांधतात, आणि परदेशात त्या घरट्यांचं सूप करतात म्हणून त्यांची चोरटी विक्री होत असे. या शतकाच्या सुरुवातीला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने हा व्यापार उघडकीला आणला आणि त्या वसाहतीच्या राखणीचं काम हाती घेतलं. बेटांवर उतरायचा हट्ट कुणी धरू नये. टेकडीवरूनच पाहावं, आणि नशीब असलं तर खाली डॉल्फिनांच्या पाठी दिसतात.

वेंगुर्ल्याला सतराव्या शतकातल्या डच वखारीच्या पडक्या भिंती पाहून आम्ही मांडवी खाडीवर पोचलो. इथे स्वामिनी बचत गटाच्या बाया २०१७ पासून कांदळवनाची सफर घडवतात. होडीला यंत्र नाही, त्या स्वतः वल्हवतात. एकेका झाडाची ओळख त्या हात लावून करून देतात: मुळांच्या कमानींवर उभं असलेलं कांदळ, पानांवर मीठ फुटणारं तिवर, काटेरी पानांची मारांडी, चीक डोळ्यांत गेला तर इजा करणारा हुरा. पांढरी चिप्पी दाखवताना त्यांचा स्वर बदलतो, कारण २०२० साली महाराष्ट्राने तिला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. मुलांना तिवराचं पान चाटायला सांगितलं आणि खारट लागल्यावर सगळ्या होडीत हशा पिकला. पूर्वी याच झाडांकडे सरपण म्हणून पाहिलं जाई. आता कुणी फांदी तोडताना दिसलं तर आपणच हटकतो, असं वल्हं मारता मारता एकीने सांगितलं. कोळंबी, खेकडे, कितीतरी मासे लहानपणी या मुळांतच वाढतात आणि मग समुद्राकडे जातात.

आमच्यानंतर मुंबईहून आलेलं एक मोठं कुटुंब धक्क्यावर उभं होतं. पाणी उतरायला लागलं होतं. "आता होडी चिखलात रुतात. भरती येवंदे, मगे जावया," असं सांगून त्या बायांनी त्यांना सावलीत बसवलं आणि स्वतः जेवायला डबे उघडले.